निळ्या टोपणाच्या बाटल्या

अडतीस वर्षे ज्या बाईने इस्पितळातल्या एका चादरीवरची सुरकुतीही खपवून घेतली नाही, तिला "बाटल्या धुवायच्या, पण साबण लावायचा नाही" असे सांगणे म्हणजे मोठेच धाडस. ते तिच्या सुनेने केले, आणि तेही समोर उभे राहून, हातात रबरी हातमोजे देता देता.

निवृत्त होऊन सोळा वर्षे उलटली तरी तळ्याकाठची सारी वस्ती तिला मेट्रनबाई म्हणूनच ओळखत असे. तिच्या हाताखाली ज्यांची हाडे सांधली गेली, ज्यांची बाळंतपणे झाली, ती माणसे आता आजीआजोबा झाली होती. पण ती समोरून येताना दिसली की अजूनही शर्टाचे वरचे बटण लावून घेत. घरात मुलगा होता, सून होती आणि धुण्याची एक खोली होती. या तिन्हींपैकी धुण्याच्या खोलीवर तिचे राज्य निर्विवाद होते.

सून तळ्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख. जुन्या पंपघराच्या दोन खोल्यांत ही प्रयोगशाळा थाटलेली होती. खिडकी उघडली की थेट पाणी दिसे. दर पंधरा दिवसांनी सून नाववाल्याबरोबर तळ्यात जाई, काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून ती कुठवर दिसते ते मोजी आणि तीन ठिकाणचे पाणी बाटल्यांत भरून आणी. कारण तसेच होते. गेली तीन वर्षे उन्हाळ्यात तळे हिरवे पडू लागले होते, आणि ते शेवाळ साधे नव्हते, विष सोडणारे होते. गेल्या वर्षी काठावरचे पाणी पिऊन एक कुत्रे तडफडून मेले, तेव्हापासून आया मुलांना पाण्याच्या जवळ फिरकू देत नव्हत्या. या शेवाळाला खायला कोण घालते आहे, एवढेच शोधून काढायचे काम तळे समितीने सुनेवर सोपवले होते. प्रमुख म्हणून तिचा हा पहिलाच अहवाल.

आणि नेमक्या अशा वेळी बाटल्या धुणाऱ्या मावशींचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. बदली माणूस देता येत नाही, असे वरून उत्तर आले.

"मी आहे की," मेट्रनबाई म्हणाली.

"आई, तुम्ही कशाला..."

"हात मोडलेला मावशीचा आहे, माझा नाही."

तेव्हा मग ते हातमोजे आणि ते धाडस. "आई, नीट ऐका हं. या बाटल्या रात्रभर पातळ ॲसिडमध्ये बुडवून ठेवायच्या. सकाळी डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खळबळायच्या. बस्स. साबण नाही, पावडर नाही, काही नाही."

"मग स्वच्छ कशा होणार? फुंकर मारून?"

"ॲसिडने."

"ॲसिडने मोरी धुतात, सूनबाई."

"साबणाने आमचे आकडे बिघडतात हो आई, कारण त्याच्यात..." इतक्यात फोन वाजला, सून धावली, आणि ते कारण जे अर्ध्यावर राहिले ते राहिलेच. मेट्रनबाईनेही ते पुन्हा विचारले नाही. स्वच्छतेने कशाचे काही बिघडते, हे ऐकून घेण्याइतके तिचे वय लहान नव्हते.

पहिले दोन दिवस तिने सांगितले तसे केले. प्रयोगशाळेची एक जुनी पद्धत होती: प्रत्येक जागेच्या बाटल्यांना ठरलेल्या रंगाचे टोपण, आणि त्या बाटल्या पुन्हा त्याच जागी जायच्या. दक्षिणेकडच्या खोल पाण्याला पिवळे, पूर्वेच्या घाटाला लाल, उत्तरेकडच्या ओढ्याच्या तोंडाशी निळे. या तिघांखेरीज एक पांढऱ्या टोपणाची बाटली असे. तिच्यात तळ्याचे पाणी नसे. प्रयोगशाळेतलेच शुद्ध पाणी भरून ती नावेतून फिरवून आणायची आणि बाकीच्यांबरोबर तपासायची. ती शुद्ध निघाली की समजायचे, आपल्या हाताने काही मिसळले नाही. नाववाला तिला 'साक्षीदार' म्हणे. "साक्षीदाराला मांडीवर घेऊन बसा मॅडम," असे तो दर खेपेला म्हणे आणि दर खेपेला स्वतःच हसे.

ओढ्याचे पाणी गढूळ. त्यामुळे निळ्या टोपणांच्या बाटल्यांच्या आत, गळ्याच्या खाली, मातीचे तपकिरी कडे बसलेले. ॲसिडने ते जाईना. मेट्रनबाईने बाटली उजेडात धरली, फिरवली आणि तिच्या घशातून तोच आवाज निघाला जो ऐकून एके काळी अख्खा वॉर्ड अंथरुणात ताठ होत असे.

तिसऱ्या दिवशी तिच्या पिशवीतून एक पत्र्याचा डबा आणि लांब दांड्याचा ब्रश प्रयोगशाळेत आला. डब्यात तिची धुण्याची पावडर होती. इस्पितळाच्या चादरी ज्या पावडरीने दुधासारख्या झाल्या तीच, एकाच जुन्या दुकानातून आणलेली. तिने फक्त निळ्या टोपणाच्या बाटल्या घेतल्या. बाकीच्या दिसायला स्वच्छ होत्या, त्यांना कशाला हात लावा? गरम पाणी, पावडर, ब्रश. टोपणांच्या आतली चकतीसुद्धा तिने सोडली नाही. मग ॲसिड, मग शुद्ध पाण्याने तीनदा खळबळणे, अगदी सांगितल्याबरहुकूम. बाटल्या अशा लखलखल्या की नाववाल्याने विचारले, "नव्या आल्या का?"

"जुन्याच आहेत. हात नवा आहे," मेट्रनबाई म्हणाली.

पंधरा दिवसांनी उत्तरेकडच्या पाण्यातले फॉस्फेट एकदम वाढलेले निघाले. नेहमी विसाच्या घरात असणारा आकडा साठावर गेला. सुनेने पुन्हा पाणी आणले: साठ. आणखी पंधरा दिवसांनी: अडुसष्ट. पूर्वेला काही नाही, दक्षिणेला थोडेसे. साक्षीदार दर वेळी स्वच्छ.

ओढ्याच्या तोंडाशी, उतारावर, एका म्हाताऱ्याची रोपवाटिका होती. फॉस्फेट म्हणजे खत, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यात दुपारचा वारा सगळी हिरवी साय उत्तरेच्याच काठाला लोटत असे, तेव्हा डोळ्यांनाही पुरावा मिळाला. रोपवाटिका तिथून हलवावी, असा ठराव येत्या गुरुवारच्या बैठकीत यायचा होता.

"तोच तो," मेट्रनबाई जेवताना म्हणाली. "मी ओळखते त्याला. अकरा नंबर."

"अकरा नंबर?" सुनेने विचारले.

"अकरा नंबरची खाट. मांडीचं हाड मोडून आला होता. पाय वजन बांधून टांगलेला. हलवू नका म्हणून दहादा बजावलं. पठ्ठ्याने खिडकीतून कुणाची तरी बाग बघायला म्हणून पाय सोडवून घेतला. आजही लंगडतोय. ज्याला स्वतःचा पाय सांभाळता आला नाही, तो तळं काय सांभाळणार?"

सोमवारी ती स्वतःच रोपवाटिकेत गेली. कुणी पाठवले नव्हते. तिला कुणी पाठवावे लागत नसे. अकरा नंबर गुडघ्यावर बसून इवलीशी रोपे एका वाफ्यातून काढून कुंड्यांत लावत होता. तिला पाहताच तो धडपडत उठला आणि मातीच्या हातानेच वरचे बटण चाचपू लागला.

"बसा, बसा. किती खत ओतता हो तुम्ही?"

"कुठलं खत?"

"तुमचं. तळ्यात जातंय ते."

म्हाताऱ्याने हातांची माती झटकली. लंगडत लंगडत तो मागच्या छपराखाली गेला. ती त्याच्या मागोमाग. तिथे पानांचा कुजलेला ढीग होता, काळाभोर, पावसाळी रानासारखा वास येणारा. कोपऱ्यात खताची दोन पोती, तोंडे शिवलेली, वर कोळ्याचे जाळे.

"वर्ष झालं, पोतं उघडलं नाही. ते कुत्रं मेलं ना, ते माझं होतं, मेट्रनबाई. त्यानंतर मी पानांच्या खतावरच करतो सगळं."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळ्यांचं मला माहीत नाही." त्याने एक कुंडी उगीचच सरळ केली. "बावीस वर्षं या उतारावर आहे मी. ही माती मी टोपल्यांनी आणून घातलीय. दुसरीकडे गेलो तर रोपं जगतील, तरणी आहेत. मी नाही रुजायचा आता. तुमच्या सूनबाई हुशार आहेत, त्यांचं यंत्र खोटं बोलत नसेल. पण मग मी काय खोटं बोलतोय?"

अडचणीत सापडली की मेट्रनबाई हुकूम देत असे. "सांगितलेलं ऐकत जा. तेव्हा ऐकलं असतंत तर आज सरळ चालला असतात," एवढे बोलून ती निघाली. पण वाटेत तिला ते कोळ्याचे जाळे आठवत राहिले. बंद कपाटे, न उघडलेली औषधे, रिकाम्या पेट्या तिने आयुष्यभर तपासल्या होत्या. जाळे खोटे विणता येत नाही, हे तिला पक्के माहीत होते.

बुधवारी दुपारी सुनेने बैठकीतल्या भाषणाची घरीच तालीम केली. श्रोते दोन: सासू आणि नवरा. नवऱ्याला वर्तमानपत्र खाली ठेवायला लावले होते.

"शाळेत सुद्धा मी एवढा गप्प बसलो नव्हतो," तो म्हणाला.

"म्हणूनच दोनदा बसलास एका वर्गात," आई म्हणाली. "गप्प. हं, बोल गं तू."

सून भिंतीवर चित्र पाडून बोलू लागली. आवाज सुरुवातीला जरा कापत होता. "शेवाळाला वाढायला फॉस्फेट लागतं. ते तळ्यात येतं कुठून? शेतातलं आणि बागांमधलं खत. घरांमधलं सांडपाणी. कपडे धुण्याच्या काही पावडरी, विशेषतः जुन्या प्रकारच्या..."

पुढचे मेट्रनबाईला ऐकू आले नाही.

तिने हात मांडीवर ठेवले. ते हात तिला एकाएकी अनोळखी वाटले. ब्रश, गरम पाणी, टोपणांच्या आतली चकती. तीनदा खळबळले तरी त्या चकतीखाली काय राहिले असेल? आणि साक्षीदार? साक्षीदार तर तिने धुतलाच नव्हता पावडरीने; तो स्वच्छ दिसत होता म्हणून. जो मळला नव्हता त्याला सोडले, आणि त्याचीच साक्ष सगळ्यांनी खरी धरली.

"आई? कसं वाटलं?" सुनेने विचारले.

"आवाज मोठा ठेव," ती म्हणाली आणि धुण्याच्या खोलीत गेली.

डबा फळीवर होता. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय काय लिहिले होते ते तिने चष्मा लावून वाचले. तिसऱ्या ओळीत ते होते.

तिने डबा पुन्हा फळीवर ठेवला आणि ती भिंतीला टेकली. वाट तर सरळ होती, आणि हीच भीती. कुणाला काही कळणार नव्हते. बाटल्या पुन्हा ॲसिडमध्ये घालायच्या, चकत्या काढून टाकायच्या. पुढच्या खेपेला आकडा आपोआप विसावर येईल, आणि सारे म्हणतील, बघा, रोपवाटिका उठवली आणि पाणी सुधारले. तिचे गप्प राहणेच त्या माणसावरचा आरोप सिद्ध करून टाकणार होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. आणि इथे चोर फळीवर डबा ठेवून भिंतीला टेकून उभा होता.

तिच्या वॉर्डात एकदा एका शिकाऊ परिचारिकेने एकाचे औषध दुसऱ्याला दिले होते आणि रडत रडत येऊन स्वतःच सांगितले होते. मेट्रनबाईने तिला तासभर झोडपले, पण कामावर ठेवले. दुसरीने असेच करून कागदावर खाडाखोड केली. ती त्याच संध्याकाळी घरी गेली. "चुकणारीला मी शिकवते. लपवणारीला मी ओळखत नाही." हे वाक्य पुढे वीस वर्षे त्या इमारतीत तिच्या नावाने चालत होते.

गुरुवारी सकाळी आठ वाजता सून प्रयोगशाळेत पोचली तेव्हा सासू आधीच तिथे बसली होती. समोर धुतलेली निळ्या टोपणाची एक बाटली आणि पत्र्याचा डबा.

"आई? आज बैठक आहे, बाटल्या राहू द्या."

"या बाटलीत शुद्ध पाणी भर."

"आत्ता?"

"भर. तळ्याचं नको, तुझं ते शुद्ध. आणि साक्षीदाराचं करतेस तसं तपास."

सुनेने एकदा डब्याकडे पाहिले, एकदा सासूकडे, आणि काही न विचारता बाटली भरली. टोपण लावून खूप हलवली. त्यातले थोडे पाणी काचेच्या नळीत घेऊन औषध घातले. फॉस्फेट असेल तर पाणी निळे पडते. जितके जास्त, तितके गडद. दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, इस्पितळात शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर नातेवाईक उभे राहतात तशा.

पाचव्या मिनिटाला नळीत एक छटा आली. आठव्याला ती सकाळच्या आभाळासारखी झाली. मग तिच्याहून गडद.

"साबण लावला होता मी," मेट्रनबाई म्हणाली. "तू नको म्हणाली होतीस. कडं जात नव्हतं म्हणून निळ्यांनाच लावला."

सून स्टुलावर बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले, आणि मेट्रनबाईला वाटले ती रडते आहे. पण खांदे वेगळेच हलत होते.

"हसतेस?"

"आई, महिनाभर मी..." तिला बोलता येईना. "महिनाभर मी ओढा उलटासुलटा केला! नाववाल्याला चिखलात उतरवलं! आणि ते सगळं तुमच्या... दिव्याखाली अंधार!" मग हसणे थांबले, आणि तिचा चेहरा उतरला. "आज माझा पहिला अहवाल आहे. ते म्हणतील, हिला बाटल्या धुता येत नाहीत, ही तळं काय राखणार."

हे आपलेच वाक्य आहे, हे सासूने ओळखले. ते कुणाविषयी म्हटले होते, तेही.

"चूक माझीच आहे," सून पुढे म्हणाली. "प्रत्येक रंगाची एक कोरी बाटली तपासायला हवी होती. मी एकाच साक्षीदारावर विसंबले. कारणही मी तुम्हाला पुरतं सांगितलं नाही. तुम्ही नका येऊ बैठकीला. प्रयोगशाळेची तांत्रिक त्रुटी म्हणेन मी."

"त्रुटी म्हणजे कोण?" मेट्रनबाईने डबा उचलला. "तिला पदर आहे, चष्मा आहे, आणि ती पहिल्या रांगेत बसणार आहे."

बैठकीची खोली भरलेली होती. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, अकरा नंबर धुतलेला शर्ट घालून बसला होता. वरचे बटण लावलेले. अध्यक्षांनी सुनेला बोलावले. सून उभी राहण्याआधीच मेट्रनबाई उभी राहिली.

"मेट्रनबाई, आधी अहवाल..."

"अहवालाच्या आधी माझं आहे. बसा."

अध्यक्ष बसले. लहानपणी त्यांचे टॉन्सिल तिच्याच वॉर्डात काढले होते.

तिने डबा टेबलावर ठेवला आणि जे झाले ते सांगितले. इस्पितळात रोज सकाळी पाळी सोपवताना सांगत असे तसे, कमी न करता, वाढवून न सांगता. साबण लावू नको असे बजावले होते, आपण लावला. आपल्याला अधिक कळते असे वाटले. ओढ्याजवळचे तिन्ही आकडे आपल्या ब्रशचे आहेत, रोपवाटिकेचे नाहीत. "माझ्या सुनेने आज सकाळी हे माझ्यासमोर तपासून सिद्ध केलं. ती नसती तर मी हे ठामपणे सांगूही शकले नसते. आता तिचं ऐका."

मग मागून लंगडत अकरा नंबर पुढे आला. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मेट्रनबाई, सांगितलेलं ऐकलं असतंत तर..."

बाकीचे त्याने पुरे केले नाही. आधी नाववाला हसला, मग अध्यक्ष, मग सगळेच. मेट्रनबाईच्या ओठांचा कोपरा हलला, तेवढेच.

"फिटलं," ती म्हणाली.

"फिटलं," अकरा नंबर म्हणाला.

ठराव मागे घेतला गेला. सुनेचा आवाज त्या दिवशी कापला नाही. उत्तरेचे तीन आकडे तिने स्वतःच्या हाताने खोडले आणि उरलेल्या आकड्यांकडे पाहायला सांगितले. दक्षिणेच्या खोल पाण्यात थोडे थोडे वाढत होते, ते उत्तरेच्या गोंधळात कुणी नीट पाहिलेच नव्हते. समितीने तिला दोन महिने दिले. त्या दोन महिन्यांत तिने तळाजवळचे पाणी काढून तपासले, आणि खरा दाता सापडला: तळाचा जुना गाळ. उन्हाच्या निश्चल दिवसांत खाली प्राणवायू संपला की तो गाळ वर्षानुवर्षे साठवलेले फॉस्फेट पाण्यात सोडत होता. उपाय लांबचा होता, तळाशी नळ्या टाकून हवा सोडण्याचा, आणि तो एका उन्हाळ्यात पुरा होणारा नव्हता. तोवर काठाला फलक लागले: पाणी हिरवे असेल तेव्हा मुलांना आणि जनावरांना आत सोडू नये. पहिला फलक रोवायला खड्डा खणला अकरा नंबरने.

बाटल्यांच्या मावशींचे प्लॅस्टर केव्हाच निघाले होते, पण मनगटात अजून जोर नव्हता, म्हणून मेट्रनबाईचे येणे चालूच राहिले. आता प्रत्येक रंगाच्या टोपणाची एक कोरी बाटली नावेतून फिरे. नाववाला म्हणे, चार साक्षीदार झाले, लग्न लावायला हरकत नाही.

एका सकाळी तिने निळ्या टोपणाची बाटली ॲसिडातून काढली, शुद्ध पाण्याने एकदा खळबळली, दोनदा, तीनदा, आणि उजेडात धरली. गळ्याच्या खाली तपकिरी कडे होते. फिकट, पण होते. तिचा अंगठा आपोआप त्याच्याकडे गेला.

"आई," आतून सून म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. सूक्ष्मदर्शकातून ती शेवाळ मोजत होती.

"दिसतंय मला," मेट्रनबाई म्हणाली, आणि त्या कड्यासकट बाटलीला टोपण लावून टाकले.